रंगरेजाचा पहिला प्रश्न

लग्नसराईत ओढणी रंगवायला नेली की जाणता रंगरेज आधी रंग विचारत नाही. तो ओढणीचा कोपरा बोटांत चोळून पाहतो. संशय आला तर कडेचा एक धागा ओढून काडीवर जाळतो आणि मग विचारतो, "आपा, कपडा कोणता आहे?" सुती असेल, रेशमी असेल तर तो संध्याकाळी या म्हणतो. पॉलिएस्टर निघाले तर बहुधा ओढणी घडी करून परत देतो. त्याच्या पातेल्यातला रंग पॉलिएस्टर धरत नाही, हे त्याला ठाऊक असते.

हाच प्रश्न आता घरातल्या आणखी एका वस्तूला विचारायची वेळ आली आहे. मुलांच्या अभ्यासासाठी, ऑनलाइन फॉर्म भरण्यासाठी अनेक घरांत जुना, वापरलेला कॉम्प्युटर येतो. काम तो चोख करतो. पण कीबोर्ड कडेने पिवळा पडलेला असतो, माऊस काळवंडलेला किंवा हाताला चिकटणारा असतो. मैत्रिणी घरी आल्या की मुलगी त्यावर रुमाल टाकते. मुलगा म्हणतो, "अब्बा, नवा घ्या ना." चालू वस्तू केवळ रूपामुळे टाकून द्यायची की तिला नवा रंग द्यायचा, हा छोटासा घरगुती प्रश्न आहे. पण त्यात पैसा आहे, मुलांचे मन आहे आणि घरातल्या सर्वांची तब्येतही आहे. म्हणून आम्ही तो इथे सविस्तर घेतला आहे.

हळदीने शिकवलेला धडा

प्लास्टिक रंगते की नाही, याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. मिक्सरच्या पारदर्शक झाकणाला गरम मसाल्याची वाफ लागली की ते पिवळे होते. पांढऱ्या प्लास्टिकच्या ताटात सालन वाढले की डाग राहतो आणि घासून जात नाही. हळदीतला रंग पाण्यात फारसा विरघळत नाही. तेलात आणि प्लास्टिकमध्ये मात्र त्याला जागा मिळते. गरमपणा त्याला आत जायला मदत करतो.

कारखान्यातही हेच तत्त्व वापरतात. पॉलिएस्टरसाठी जे रंग लागतात, त्यांना डिस्पर्स रंग म्हणतात. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावांतल्या वाचकांना हा शब्द नवा नसेल. हे रंग पाण्यात विरघळत नाहीत, बारीक कणांच्या रूपात तरंगत राहतात. १९२० नंतरच्या काही वर्षांत ते अॅसिटेट नावाच्या कृत्रिम रेशमासाठी तयार झाले. पुढे १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी पॉलिएस्टर शोधले, तेव्हा त्यालाही हेच रंग उपयोगी पडले. तापल्यावर पॉलिएस्टरच्या घट्ट विणीत किंचित फट पडते, रंगाचे रेणू आत शिरतात. थंड झाल्यावर वीण पुन्हा घट्ट होते आणि रंग आत अडकतो. गिरणीत हे काम बंद भांड्यात, दाबाखाली, सुमारे १३० अंश तापमानाला होते. आपल्या रंगरेजाकडे ना तो रंग असतो ना ते भांडे. तो ओढणी परत करतो ती यासाठी.

गावोगावच्या दुकानांत मगवर फोटो छापून देतात, तेही डिस्पर्स रंगांचेच काम. कागदावरचा रंग उष्णतेने वाफ होऊन मगावरच्या पातळ थरात शिरतो. म्हणूनच तो नखाने खरवडून निघत नाही.

थोडक्यात, प्लास्टिकला रंग देण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, मेंदीसारखा: रंग वस्तूच्या अंगात मुरवायचा. दुसरा, भिंतीच्या रंगासारखा: वरून थर चढवायचा. मुरवलेला रंग पोपडा होऊन निघत नाही, पण तो प्रत्येक प्लास्टिकला चढत नाही. वरचा थर जवळपास कशावरही बसतो, पण बोटांच्या घर्षणाने झिजतो. कीबोर्डच्या बटणांना मुरवलेला रंग चांगला. माऊसच्या पाठीला, स्पीकरच्या खोक्याला वरचा थर चालतो.

आधी प्लास्टिक ओळखा

बहुतेक कीबोर्ड आणि माऊस एबीएस नावाच्या प्लास्टिकचे असतात. ते मजबूत आणि स्वस्त असते, पण साधारण शंभर अंशांच्या आसपास मऊ पडते. पातळ भाग त्याआधीच वाकडे होतात. वर्षानुवर्षे प्रकाश, उष्णता आणि हवा लागून पिवळे पडते ते हेच. चांगल्या, महागड्या कीबोर्डची बटणे पुष्कळदा पीबीटी या प्लास्टिकची असतात. पीबीटी हे पॉलिएस्टरच्याच घराण्यातले. ते सुमारे २२० अंशांना वितळते, त्यामुळे उकळत्या पाण्याजवळचे तापमान सहज सोसते आणि डिस्पर्स रंगही छान धरते.

ओळखण्याचा पहिला उपाय म्हणजे वस्तू उघडून आतल्या बाजूला पाहणे. अनेकदा तिथे प्लास्टिकचे नाव उमटवलेले असते. ते नसेल तर मिठाच्या पाण्याची चाचणी करता येते. ही चाचणी मुलांसोबत करण्यासारखी आहे.

एका ग्लासात साधे पाणी घ्या. दुसऱ्या ग्लासात कोमट पाण्यात मीठ घालत राहा, तळाशी न विरघळलेले मीठ उरेपर्यंत. शंभर मिलिलिटर पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ मावते. ते निवळू द्या. दोन्ही ग्लासांत भांडी घासायच्या लिक्विडचा एकेक थेंब टाका, म्हणजे बटणाला हवेचे बुडबुडे चिकटणार नाहीत. आता कीबोर्डचे एक बटण काढून आधी साध्या पाण्यात आणि मग मिठाच्या पाण्यात सोडा. बटण पोकळ असते, म्हणून आतली हवा आधी काढा.

साध्या पाण्यातही तरंगले तर ते डब्याडुब्यांचे प्लास्टिक, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिन. त्याला घरगुती रंग नीट धरत नाही आणि त्यावर थरही टिकत नाही; ते सोडून द्या. साध्या पाण्यात बुडाले पण मिठाच्या पाण्यात तरंगले तर बहुधा एबीएस. दोन्हीकडे बुडाले तर पीबीटी असण्याची शक्यता मोठी. प्लास्टिकमध्ये भुकटी मिसळलेली असेल तर हा अंदाज चुकू शकतो, म्हणून शेवटी एखाद्या कमी वापराच्या बटणावर रंग लावून पाहणे हीच खरी परीक्षा.

पातेल्यात रंगवताना

बाजारात कापडासाठी जे रंग मिळतात त्यातले बहुतेक सुती कापडाचे असतात. ते प्लास्टिकवर वाया जातात. पुडीवर पॉलिएस्टर किंवा सिंथेटिक कापडासाठी असे लिहिलेलेच घ्या. मेंदीही इथे कामाची नाही. तिचा रंग त्वचेतल्या आणि केसांतल्या प्रथिनाला धरतो, प्लास्टिकमध्ये ते नसते.

रंग निवडताना एक नियम लक्षात ठेवा: रंगवून वस्तू गडद होते, फिकी कधीच होत नाही. पांढऱ्याचा हिरवा होईल, काळ्याचा गुलाबी होणार नाही. पिवळ्या पडलेल्या बटणावर निळा रंग घातला तर हिरवट छटा येते, हे ओढणी रंगवणाऱ्याला सांगावे लागत नाही. पिवळेपणा झाकायचा असेल तर तपकिरी, गडद हिरवा किंवा काळा रंग बरा. आणखी एक गोष्ट म्हणजे अक्षरे. फिक्या बटणावर काळी अक्षरे असतील तर गडद रंगात ती दिसेनाशी होतील. अक्षरे वाचता यायला हवीत, म्हणून मध्यम छटेवर थांबा.

काम सुरू करण्याआधी कीबोर्डची वायर काढा आणि मोबाईलवर त्याचा फोटो घ्या, म्हणजे बटणे परत लावताना गोंधळ होणार नाही. बटणे एकेक करून सरळ वर उचला. स्पेसबारखाली बारीक तार असते, ती जपून सोडवा. लॅपटॉपच्या बटणांना मात्र हात लावू नका. त्यांच्या खालच्या नाजूक कड्या मोडल्या तर बसवणे अवघड जाते. काढलेली बटणे साबणाच्या कोमट पाण्यात धुवा. बोटांचे तेल राहिले तर तिथे रंग डागासारखा चढतो.

भांडे स्टीलचे घ्या, आणि ते पुन्हा कधीही स्वयंपाकाला वापरायचे नाही असे ठरवूनच घ्या. चमचा, गाळणीही वेगळी. एक लिटर पाण्यात पुडीवर दिलेल्या प्रमाणात रंग आणि लिक्विड साबणाचा थेंब घाला, ढवळा, गाळून घ्या. पीबीटीसाठी पाणी ८५ ते ९० अंशांपर्यंत चालते. एबीएस असेल तर ६५ ते ७० अंशांवर थांबा. यासाठी स्वयंपाकाचा थर्मामीटर असलेला बरा. नसेल तर पाण्यातून वाफ येऊ लागली पण तळातून बुडबुडे उठत नाहीत, त्या टप्प्यावर गॅस बारीक करा. गिरणीची नक्कल म्हणून प्रेशर कुकर मात्र वापरू नका.

बटणे गाळणीत घालून सोडा आणि सतत हलवत राहा. पाच मिनिटांनी एक बटण काढून धुऊन पाहा. पाण्यातला रंग गडद दिसतो, खरी छटा धुतल्यावरच कळते. पीबीटीला दहा ते तीस मिनिटे लागतात, एबीएसला कमी तापमानामुळे जास्त वेळ लागू शकतो. हवी ती छटा आली की बटणे काढून आधी कोमट आणि मग गार पाण्यात धुवा. पांढऱ्या फडक्यावर घासून पाहा. फडके कोरे राहिले की काम झाले. पूर्ण सुकेपर्यंत ती कीबोर्डवर चढवू नका. उरलेले पाणी बाटलीत भरून नाव लिहून ठेवले तर पुन्हा वापरता येते. टाकायचेच असेल तर भरपूर पाणी मिसळून मोरीत टाका. विहिरीजवळ किंवा झाडांच्या मुळाशी नको.

स्प्रेचा थर

माऊसची पाठ, वेबकॅमचे कवच, स्पीकर यांच्यासाठी स्प्रे सोपा पडतो. पण सोपा म्हणजे घाईचा नव्हे. या कामात मेहनत रंगाआधीच असते.

कवच स्क्रू सोडवून वेगळे करा. माऊसचे स्क्रू बहुधा खालच्या घसरपट्ट्यांच्या मागे लपलेले असतात. आतली पाटी, लेन्स आणि चाक बाजूला ठेवा. कवच साबणाने धुवा. मग ६०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून हलक्या हाताने घासा, त्यानंतर ८०० ने. चकाकी गेली, सगळीकडे एकसारखा धुरकट पोत आला की पुरे. सुकल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

इथे एक धोका नीट समजून घ्या. पुसण्यासाठी नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर वापरू नका. बऱ्याच रिमूव्हरमध्ये अॅसिटोन असते आणि अॅसिटोनमध्ये एबीएस विरघळते. वस्तू स्वच्छ होण्याऐवजी चिकट लगदा होते.

प्लास्टिकसाठीचा प्राइमर आधी, मग रंग, शेवटी पारदर्शक लॅकर असा क्रम ठेवा. डबा चांगला हलवा, वस्तूपासून वीतभर किंवा थोडा जास्त अंतरावर धरा आणि हात चालता ठेवून पातळ फवारा द्या. पहिल्या थरात खालचे प्लास्टिक दिसले तरी चालते. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. एकाच वेळी जाड फवारले तर ओघळ येतात. हाताला कोरडे लागले तरी रंग आतून कच्चा असतो. वापरण्याआधी काही दिवस तसेच राहू द्या.

पावसाळ्यात हे काम टाळा. दमट हवेत लॅकरवर पांढरट धुके बसते. कोकणात आणि मुंबईत दिवाळीनंतरचे कोरडे दिवस त्यासाठी बरे.

आणि हे घरात करायचे नाही. स्प्रेचा वायू पेट घेतो; जवळ गॅसची शेगडी, अगरबत्ती, बिडी काहीही नको. गच्चीवर किंवा अंगणात करा. कापडी मास्क रंगाचे थेंब अडवतो, वाफ अडवत नाही. दमा असलेली माणसे, लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना त्या जागेपासून लांब ठेवा. पातेल्यातल्या रंगालाही हातमोजे हवेत. काही डिस्पर्स रंगांनी, विशेषतः काही निळ्या रंगांनी, त्वचेला अॅलर्जी होते हे वैद्यकशास्त्रात नोंदलेले आहे.

चिकट माऊसचे वेगळे दुखणे

काही माऊस आणि लॅपटॉपची कवचे रबरासारख्या मऊ थराची असतात. काही वर्षांनी तो थर हाताला चिकटू लागतो. समुद्राकाठच्या दमट हवेत हे लवकर होते, कारण तो थर ओलाव्याने हळूहळू तुटत जातो. अशा वस्तूवर रंग मारला तर तो चिकट थरासकट निघून येतो. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या फडक्याने तो थर पूर्ण काढा. वेळ लागतो, फडकी काळी होतात. पण खाली बहुधा स्वच्छ कठीण प्लास्टिक निघते. पुष्कळदा त्यानंतर रंगाची गरजच उरत नाही.

कशाला हात लावू नये

चार्जर आणि अॅडॉप्टर रंगवू नका. ते तापतात, आणि त्यांच्यावर छापलेले व्होल्टचे आकडे झाकले गेले तर पुढे कोणी चुकीचा चार्जर लावेल. हवा खेळण्याच्या जाळ्या रंगाने बुजवू नका. माऊसखालची लेन्स झाकूनच फवारा. वायरलेस वस्तूंवर धातूचे कण असलेला चंदेरी रंग नको, त्याने लहरी अडतात. इयरफोनचा कानात जाणारा भाग त्वचेला तासन्‌तास लागून असतो, त्यालाही रंग नको. लहान मूल तोंडात घालेल अशी कोणतीही वस्तू या यादीत धरा.

हिशेब आणि सचोटी

आता पैशाचे बोलू. साधा नवा कीबोर्ड काही शे रुपयांत मिळतो. प्राइमर, रंग आणि लॅकर असे तीन डबे एकाच कीबोर्डसाठी आणले तर नव्यापेक्षा खर्च जास्त होईल. मग रंगवण्यात अर्थ केव्हा? वस्तू मुळात चांगल्या प्रतीची असेल तेव्हा. मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत किंवा शिकवणी वर्गात दहा-पंधरा कीबोर्ड एकदम रंगवायचे असतील तेव्हा, कारण एकाच पातेल्यात सगळ्यांची बटणे निघतात. आणि रंगाने काही अडचण दूर होत असेल तेव्हा. दादींना नातवंडांशी व्हिडिओवर बोलायचे आहे, पण नजर अधू आहे. त्यांना लागणारी चार-पाच बटणेच लाल किंवा निळी केली तर त्या कोणाला हाक न मारता स्वतः कॉम्प्युटर चालवू शकतात. यातली एकही गोष्ट लागू नसेल तर साबणाचे पाणी आणि जुना टूथब्रश घ्या. निम्मे जुनेपण हे मळच असते.

टाकून देणे मात्र शेवटी ठेवा. २०२२ साली जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, आणि त्यातला पाव हिस्साही रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद नाही. भारतात १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. बंद पडलेली वस्तू भंगारात फेकण्यापेक्षा नोंदणीकृत संकलन केंद्रात देणे योग्य.

ज्या तरुणांचे दुरुस्तीचे छोटे दुकान आहे, त्यांना या कामात जोडधंदा दिसेल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या बाजारापर्यंत जुन्या कॉम्प्युटरला गिऱ्हाईक आहे, आणि देखणी वस्तू लवकर विकली जाते. इथेच सावध राहायचे. रंग हा वस्तूचे रूप बदलतो, वय बदलत नाही. रंगवलेला कीबोर्ड नवा म्हणून विकणे, फुटलेला कोपरा रंगाखाली दडवणे म्हणजे ऐब झाकून माल विकणे; त्याची मनाई आपल्याकडे लहानपणापासून सांगितली जाते. "जुना आहे, साफ करून रंगवला आहे, दोन बटणे बदलली आहेत," असे गिऱ्हाइकाला सांगून दाम घ्या. कदाचित पन्नास रुपये कमी मिळतील, पण तो पुन्हा येईल आणि भावालाही पाठवील.

रंगरेज हा शब्द फारसीतला आहे. त्याचा अर्थ रंग ओतणारा. जुन्या रंगरेजांची पत नुसत्या ओतण्यावर नव्हती. ज्या कापडावर रंग टिकणार नाही, त्याचे पैसे ते घेत नसत. घरातल्या मुलांना हे काम शिकवायचे तर पातेले आणि रंगाच्या पुडीसोबत ही सवयही शिकवा. आधी वस्तू ओळखायची, आपल्याला काय जमेल ते सांगायचे, आणि जे जमणार नाही ते गिऱ्हाइकाला आदराने परत करायचे.